शाईचा विटाळ

मंडळी, मराठी छपाईच्या इतिहासात गणपत कृष्णाजी हे नाव आले की माझ्यातला मास्तर जागा होतो. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांचे छपाईचे काम पाहून या गृहस्थाने स्वतःचा शिळाप्रेस उभा केला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. दगड, यंत्र, शाई, सगळा खटाटोप त्यांचाच. पण सनातनी मंडळी छापील कागदाला हात लावीनात! शाईत प्राण्याची चरबी असते, म्हणजे कागदाचा विटाळ, असा समज. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचें वर्णन’मध्ये लिहिले आहे की छापील कागदाला शिवायला भिणारे लोक तेव्हाही होते. गणपत कृष्णाजींनी यावर तोडगा काढला. चरबीच्या जागी तूप घालून शाई तयार केली, असे सांगतात.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले हसायची. मीही हसायचो. पण ‘शाईत काय आहे?’ हा प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शाई म्हणजे नुसता रंग नव्हे. काजळी पाण्यात विरघळत नाही, ती तरंगते. डिंक तिचे कण वेगळे ठेवतो आणि कागदाला चिकटवतो. धातूच्या खिळ्यांवर पाण्याची शाई नीट बसेना, म्हणून पंधराव्या शतकात गटेनबर्गने तेलात घोटलेली शाई वापरली. १७९६ च्या सुमारास सेनेफेल्डरने शिळाछाप शोधला, तो तर तेल आणि पाणी एकमेकांशी जमत नाहीत एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे. रंग, त्याला धरून ठेवणारा पदार्थ आणि पातळ करणारा द्रव, या तिघांचा संसार म्हणजे शाई. त्यात चौथा कोणी शिरला की बिघाड!

आता हा सगळा इतिहास एका फ्लेक्सच्या दुकानात कसा उपयोगी पडला ते सांगतो.

माझ्या भाच्याचे सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी फ्लेक्स छापण्याचे दुकान आहे. यंत्र कर्जाऊ घेतलेले. हे यंत्र खिळे किंवा दगड वापरत नाही, शाईचे थेंब उडवते. त्याचीही वंशावळ मोठी आहे. धार फुटून तिचे थेंब का होतात याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८७० च्या दशकात मांडले. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवले; उलट, वीज दिली की स्फटिक किंचित हलतो. १९५१ साली रूने एल्मक्विस्ट यांना शाईच्या बारीक धारेने आलेख काढणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. (पुढे १९५८ साली शरीरात बसवायचा पहिला पेसमेकर बनवणारे ते हेच बरं का!) भाच्याच्या यंत्रात एकेका हेडला ५१२ छिद्रे आहेत, केसापेक्षाही बारीक. शाई सॉल्व्हंटची. ती फ्लेक्सचा प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित मऊ करून त्यात रुतते, म्हणून पावसात धुपत नाही.

गणेशोत्सवाच्या आधी ऐन गर्दीत पिवळा रंग बिघडला. गणपतीचा पीतांबर केशरी येऊ लागला. पिवळ्या टाकीत मॅजेन्टा म्हणजे गुलाबी शाई गेली हे उघड होते. शाई भरायचे काम दुकानातल्या एका पोराचे. भाचा म्हणाला, “मामा, दुसरं कोण असणार? बाटल्यांना हात त्याचाच लागतो.” पोराला दोन दिवस टाकीपाशी फिरकू दिले नव्हते आणि महिनाअखेर त्याला काढायचे ठरले होते. पोरगा मला एवढेच म्हणाला, “गुरुजी, मी पिवळ्यात पिवळीच घातली.”

पुण्याच्या मेकॅनिकला यायला वेळ नव्हता, पण त्याने फोनवर फार शिस्तीने तपास करायला लावला. इतिहासाच्या अभ्यासकाने प्रत तपासावी तसा, छापलेल्या कागदापासून मागे मागे जात.

आधी नुसत्या पिवळ्याचा दोन मीटरचा पट्टा छापायला सांगितले. सुरुवातच केशरी असून पुढे रंग निवळला, तर दोष हेडच्या तोंडाशी, पुसण्याच्या फडक्यात. पट्टा शेवटपर्यंत केशरी आला. म्हणजे दोष आत. मग मोठ्या टाकीतला थेंब पांढऱ्या टिशूवर टाकला. स्वच्छ पिवळा! हेडच्या वरच्या छोट्या टाकीतली शाई सिरिंजने काढली. ती केशरी!

पोरगा शाई ओततो ती मोठ्या टाकीत. ती तर शुद्ध होती. माझ्या मते खटला इथेच निकाली निघाला. पण मग गुलाबी आली कुठून?

छिद्रे खाली तोंड करून असूनही शाई ठिबकत नाही, कारण एक पंप वरून हलकी ओढ धरून ठेवतो. आपण सरबताची नळी तोंडात धरून थोडे ओढून ठेवावे तसे. या ओढीची नळी चारही रंगांना मिळून एकच. ती सोडवून पाहिली तर आतून लाल! गुलाबीच्या छोट्या टाकीतला फ्लोट चिकटून बसला होता. त्यामुळे टाकी भरली हे यंत्राला कळत नव्हते. शाई येत राहिली, वर चढून नळीत गेली आणि पिवळ्याच्या टाकीत उतरली. पिवळा सगळ्यांत फिका, म्हणून चोरी त्याच्यावर दिसली. काळ्यात गेली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता.

आणि फ्लोट चिकटला कशाने? गाळाने. भाच्याने आषाढात दुसऱ्या पुरवठादाराची स्वस्त शाई घेऊन जुन्या शाईवरच भरायला सांगितली होती. मेकॅनिकच्या सांगण्यावरून दोन्ही गुलाबी शाया एका काचेच्या बाटलीत मिसळून झाकण लावून ठेवल्या. सकाळी बाटलीच्या कडेला गुठळ्या, नासलेल्या दुधासारख्या. कदाचित दोन्ही शाया आपापल्या जागी चांगल्या असतील. पण एकीचे कण जिच्यामुळे वेगळे राहतात ती घडी दुसरीने मोडली.

टाक्या रिकाम्या केल्या, नळी आणि फिल्टर बदलले, जुन्या शाईच्या कंपनीच्याच द्रावणाने हेड धुतले. कोणीतरी रंगकामाचा थिनर वापरायचे सुचवले होते. मेकॅनिकने साफ मनाई केली. काय मिसळले याचा तपास चालू असताना आणखी एक अनोळखी द्रव कशाला?

भाच्याने पोराला सगळ्यांसमोर सांगितले की दोष तुझा नव्हता, शाई मी बदलली. हे त्याने केले याचा मला दुरुस्तीपेक्षा जास्त आनंद झाला. आता पोराने प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायला सुरुवात केली आहे.

राहून राहून मला १८३१ आठवते. विटाळाची कल्पना खोटी होती, पण गणपत कृष्णाजींनी भांडण न करता शाईच्या घटकांतच उत्तर शोधले. आपण मात्र अजूनही बिघाड दिसला की आधी ‘हात कोणाचा लागला?’ असे विचारतो, आणि हात नेहमी सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाचा सापडतो. नळीला कोणी जाब विचारत नाही. स्वस्तात घेतलेल्या बाटलीला तर नाहीच.

असो. तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमच्या घरातले कोणी वडीलधारे, जुन्या छापखान्यात काम केलेले असतील तर तिथे शाई कशी जपत असत ते जरूर लिहा. वाट पाहतो.