ट्रॅक्टर-जेसीबीला कंपनी फिटिंग घ्यावे की बाहेरून बसवावे? पैसे देण्याआधी हे तपासा

नवा ट्रॅक्टर दारात आला की महिन्याभरात त्याला बाहेरून काही ना काही बसतेच. जीपीएस, जादा लाइट, टेप, पलटी नांगराचा व्हॉल्व्ह. यातले बरेच सामान कंपनीकडून बसूनही येते, पण महाग पडते. पैसे कुठे वाचवावेत याची सोपी खूण आहे: नवीन वस्तू मशीनच्या कशाला जोडली जाते ते बघा. स्वतंत्र चालणारी असेल तर बाहेरची चालते. इंजिन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा मूळ वायरिंगला हात लागत असेल तर कंपनीचीच बरी.

जीपीएस आणि तासांचा हिशेब

जेसीबीचे लाइव्हलिंक, महिंद्राचे डिजिसेन्स या कंपनीच्या यंत्रणा. मशीन कुठे आहे, इंजिन किती तास चालले, हे मालकाला घरबसल्या कळते. बाहेरचा जीपीएस स्वस्त, जागाही बरोबर दाखवतो. गफलत होते ती तासांत. अनेक ट्रॅकर इंजिन नव्हे, चावी चालू असलेला वेळ मोजतात. ड्रायव्हर चावी चालू ठेवून झाडाखाली बसला तरी तास पडतात. तासावर भाडे असेल तर भांडण इथेच लागते. म्हणून पहिला आठवडा मशीनच्या मीटरचे तास आणि मोबाइलवरचे तास रोज वहीत लिहून ताडून घ्यावेत.

डिझेल मोजायचा बाहेरचा सेन्सर बसवताना बहुतेक वेळा टाकीला भोक पाडावे लागते. मशीन उतारावर उभी असली की आकडा वर-खाली होतो. तेवढ्यावरून ड्रायव्हरला चोर ठरवू नये.

मोबाइलवरून इंजिन बंद

ही सोय सगळ्यात जपून घ्यावी. उसाची भरलेली ट्रॉली उतारावर असताना इंजिन बंद पडले तर पॉवर स्टिअरिंग एकदम जड होते. चालू गाडीत इंजिन बंद न करता फक्त पुन्हा स्टार्ट होऊ न देणारी सेटिंग मागावी.

पलटी नांगराचा व्हॉल्व्ह

हायड्रॉलिक पलटीला दुहेरी व्हॉल्व्ह लागतो. तो गावातही बसतो आणि चांगला चालतो. मात्र बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. टिपिंग ट्रॉलीचा जॅक उचलला की तेल तिकडे जाते आणि गिअरबॉक्समध्ये पातळी उतरते. तेल किती वाढवायचे ते आधी विचारावे. लोड आला की दाब सोडणारा व्हॉल्व्ह पिळून घट्ट करणारे मिस्त्री आहेत. त्याने पंप आणि पाइप लवकर जातात.

वायर कापू देऊ नका

५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हा धुराचा नियम लागू आहे. या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा कारभार बहुतेक वेळा कॉम्प्युटरकडे असतो. त्याच्या वायरवर जोड मारला तर इंजिन दगा देते आणि वॉरंटीचा वाद सुरू होतो. जुन्या ट्रॅक्टरलाही फ्यूज न लावता लाइट ओढले तर वायर तापून आग लागू शकते. जीपीएस सतत थोडा करंट खातो. मशीन महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी उतरते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजी किट याच प्रकारात येते. डिझेलवरून सीएनजीवर बदललेला देशातला पहिला ट्रॅक्टर १२ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सादर केला. मात्र असे किट मान्यताप्राप्त हवे आणि आरसीवर नोंद हवी. नुसत्या जीपीएसने आरसीवरची माहिती बदलत नाही.

पैसे देण्याआधी

- वॉरंटी चालू असेल तर "हे बसवले तर चालेल का" याचे उत्तर डीलरकडून लेखी घ्या.
- वेगळा फ्यूज आणि प्लगने जोडणारी वायर मागा.
- सिमचा रिचार्ज किंवा कंपनीच्या मोफत मुदतीनंतरचा वर्षाचा खर्च विचारा.
- पक्के बिल घ्या, त्यावर नंबर आणि तारीख टाकून घ्या.
- बसवणारा हंगामात शेतावर येईल का, ते ठरवून घ्या. पेरणीच्या दिवशी मशीन उभी राहिली तर वाचवलेले पैसे एका दिवसात जातात.