वकिलात आणि वस्ती

पहिल्या महायुद्धाच्या काळात आपल्या नगरच्या लष्करी छावणीत जर्मन माणसे कोंडून ठेवलेली होती. व्यापारासाठी, नोकरीसाठी, धर्मप्रसारासाठी हिंदुस्थानात आलेल्या या लोकांना १९१४ साली युद्ध पेटताच इंग्रज सरकारने गोळा केले आणि येथील बराकींत आणून ठेवले. १९१७ साली रेडक्रॉसचे प्रतिनिधी त्यांची विचारपूस करण्यास जिनिव्हाहून नगरला येऊन गेले. त्याच वर्षांत बर्लिनच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर वून्सडॉर्फ या गावी हिंदी शिपाई जर्मनांच्या कैदेत होते. इकडे त्यांची माणसे, तिकडे आपली. फरक एवढाच, की नगरच्या कैद्यांना नुसते राखायचे होते. वून्सडॉर्फच्या कैद्यांचे मन वळवायचे होते.

ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाने जिहाद पुकारला. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूचा. इंग्रज, फ्रेंच आणि रशियन साम्राज्यांत कोट्यवधी मुसलमान राहतात, ते उठले तर शत्रूचे कंबरडे मोडेल, असा बर्लिनचा हिशेब होता. माक्स फॉन ओपनहाइम नावाच्या विद्वान मुत्सद्द्याने त्यासाठी पूर्वेकडील देशांच्या प्रचाराची एक कचेरीच उघडली. मुसलमान कैदी निवडून त्यांच्यासाठी वून्सडॉर्फला ‘चंद्रकोर छावणी’ उभारण्यात आली. जनावर त्यांच्या रीतीने कापण्याची मुभा दिली. जुलै १९१५ मध्ये तेथे लाकडी मशीद बांधून झाली; जर्मनीतील ही पहिली मशीद. हिंदी आणि उर्दू भाषांत ‘हिंदोस्तान’ नावाचे पत्र छापून वाटले जाई. हिंदी कैद्यांत हिंदू व शीखही होते, त्यांनाही याच छावणीत ठेवले होते.

एवढा खटाटोप करून हाती काय लागले? काही माणसे वळली, हे खरे. मीर मस्त हा आफ्रिदी जमादार मार्च १९१५ मध्ये इंग्रजांची फळी सोडून जर्मनांकडे गेला आणि पुढे काबूलच्या मोहिमेत सामील झाला. परंतु हिंदी कैद्यांपैकी असे फारच थोडे. बाकीच्यांना घर हवे होते, पत्र हवे होते, थंडीपासून आसरा हवा होता. १९१७ साली हवा सोसत नाही म्हणून बहुतेक हिंदी कैद्यांना रुमानियात हलविले. जे राहिले ते मातीत राहिले. जवळच्या त्सेरेन्सडॉर्फ येथील स्मशानात २०६ हिंदी शिपाई आहेत.

इंग्रज तरी स्वस्थ कुठे बसले होते? मेलेल्या मुसलमान शिपायांना इंग्लंडात धर्माप्रमाणे मूठमाती मिळत नाही, असा प्रचार जर्मनांनी चालविताच इंग्रज सरकारने वोकिंगच्या मशिदीजवळ मुसलमान सैनिकांसाठी खास दफनभूमी बांधून काढली. ही मशीद १८८९ सालची, भोपाळच्या शाहजहान बेगमेच्या पैशातून उभी राहिलेली. एका सरकारने जिवंतांसाठी मशीद बांधली, दुसऱ्याने मेलेल्यांसाठी कबरस्तान. ज्या शिपायांसाठी ही चढाओढ चालली होती, त्यांना ही लढाई तुम्हाला लढायची आहे काय, असे मात्र दोघांपैकी एकानेही विचारले नाही.

आता पॅरिसला या. फ्रान्ससाठी लढून मेलेल्या मुसलमान सैनिकांची आठवण म्हणून तेथे मोठी मशीद बांधण्यात आली. १५ जुलै १९२६ रोजी राष्ट्राध्यक्ष दूमेर्ग यांनी मोरोक्कोच्या सुलतानासमवेत तिचे उद्घाटन केले. त्याच्या दोनच महिने आधी, मे महिन्यात, मोरोक्कोच्या रिफ डोंगरांत अब्दुल करीमला फ्रेंचांपुढे शरण जावे लागले होते. डोंगरात तोफा आणि राजधानीत मिनार! पॅरिसच्या कारखान्यांत राबणाऱ्या उत्तर आफ्रिकी मजुरांना हा विरोधाभास दिसला. त्यांनी त्याच वर्षी ‘उत्तर आफ्रिकेचा तारा’ ही आपली संघटना काढली. मेसाली हाज हा तिचा तरुण चिटणीस. फेब्रुवारी १९२७ मध्ये ब्रुसेल्सला साम्राज्यशाहीविरोधी परिषद भरली, तेथे त्याने अल्जेरियाचे स्वातंत्र्य मागितले. मशीद बांधून देणाऱ्या सरकारने १९२९ साली ही संघटना बेकायदा ठरविली. सरकारला मुसलमान हवा होता. मजूर नको होता.

श्रोतेहो, मी नववीत शाळा सोडलेला माणूस. जो काही इतिहास शिकलो तो युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली. पण ही युक्ती ओळखायला मला पुस्तक लागले नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बोनसचा तंटा चालू होता. ईद जवळ आली होती. व्यवस्थापनाने मुसलमान कामगारांपैकी एका वजनदार गृहस्थाला बोलावून सांगितले, तुमच्या लोकांना ईदची उचल आजच देतो, फक्त उद्याच्या सभेला येऊ नका. निरोप खात्यात पोचला. तेव्हा फिटर असलेले एक वयस्कर चाचा म्हणाले, “उचल घेऊ, ती आमच्या हक्काची. बोनसही घेऊ, तो सगळ्यांच्या हक्काचा. पण दोन्हींची सही एकाच टेबलावर करू.” दुसऱ्या दिवशी सभेत चाचा पहिल्या रांगेत बसले होते. वून्सडॉर्फ आणि पॅरिसबद्दल मी पुढे वाचले ते चाचांचे टेबल डोळ्यांपुढे ठेवूनच.

ब्रुसेल्सच्या त्या परिषदेत काँग्रेसतर्फे पंडित जवाहरलाल नेहरूही होते. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, ते आपल्या भुईकोट किल्ल्यात कैदी म्हणून आले. सोबत काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. मौलाना किल्ल्यात असतानाच, एप्रिल १९४३ मध्ये, कलकत्त्यास त्यांच्या पत्नीचे निधन झाले. जून १९४५ मध्ये सुटून ते सिमल्याच्या परिषदेला गेले. मुसलमान सभासद सुचविण्याचा अधिकार एकट्या मुस्लिम लीगचाच, असा हट्ट जिनांनी तेथे धरला. लॉर्ड वेव्हेल यांनी तो ओलांडून पुढे जाण्याचे टाळले आणि १४ जुलैला परिषद मोडली. काँग्रेसच्या वतीने बोलायला समोर बसलेला माणूस स्वतः मौलाना होता! मुसलमानांच्या वतीने कोण बोलणार, याचा निकाल मुसलमानांना न विचारताच लावला जात होता. त्याची किंमत दोन वर्षांनी सगळ्या देशाने मोजली.

हे सारे जुने झाले असे समजू नका. युरोपात आज कोट्यवधी मुसलमान नागरिक आहेत. त्यांचे बाप-आजे गिरण्यांत, खाणींत, मोटारींच्या कारखान्यांत मजुरीला आलेले. २००९ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जगभरच्या मुस्लिम समाजांशी संबंध ठेवण्यासाठी खास प्रतिनिधी नेमला; श्रीनगरला जन्मलेल्या फराह पंडित यांच्याकडे ते काम आले. वस्तीत जाणे, तरुणांशी बोलणे, हे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. बोलणे हे तोफेपेक्षा केव्हाही बरे. पण सरकारच्या बोलण्याला दोन कसोट्या लावाव्यात. बोलणारा त्या माणसाच्या भाकरीबद्दल, घरभाड्याबद्दल, पोराच्या नोकरीबद्दल बोलतो काय? आणि वस्तीच्या वतीने बोलणारा वस्तीने निवडलेला आहे, की वकिलातीने?

वून्सडॉर्फची लाकडी मशीद आज उभी नाही. युद्धानंतर थोड्याच वर्षांत ती पाडली गेली. गरज सरली, मशीद सरली. चाचांचा कारखाना मात्र दर हंगामाला धूर सोडतो, आणि तिथल्या कामगारांची सही अजून एकाच टेबलावर होते. ते टेबल मोडू न देणे, एवढेच आपल्या हातात आहे. आणि ते थोडे नाही.