‘करण्यात येईल’ : एस.टी.चा हिशेब आणि उत्तराचे व्याकरण

मुंबई–आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या उत्तरेस असलेले सोनगीर दोन गोष्टींसाठी ओळखले जाते : टेकडीवरचा किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी. हंडा विकत घेणारा जाणता माणूस तो आधी वाजवून पाहतो. चीर असेल तर नाद बदलतो. परंतु वाजवल्याने चीर फक्त कळते. ती बुजवायची तर डाख द्यावा लागतो. सार्वजनिक संस्थांच्या लेखापरीक्षणाचा इतिहास वाचताना हा साधा फरक वारंवार आठवतो.

राज्यकारभारातील हिशेबतपासणी ही इंग्रजांची देणगी, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो खरा नाही. पेशवाईत कमाविसदाराच्या जोडीला मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार असे दरखदार असत. त्यांना दूर करण्याचा अधिकार कमाविसदाराला नव्हता. ज्याचा हिशेब तपासायचा, त्याच्या मर्जीवर तपासणाऱ्याची भाकरी अवलंबून असू नये, हे तत्त्व त्या व्यवस्थेने ओळखले होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल इजाऱ्याने देण्याची प्रथा बोकाळली. दरखदार नावापुरते राहिले, कारण त्यांनी दाखवलेल्या चुकीची पुढे चौकशी करणारे कोणी उरले नाही. तपासणी टिकली, पाठपुरावा संपला.

स्वतंत्र भारतात हेच तत्त्व राज्यघटनेत आले. नियंत्रक व महालेखापरीक्षक हा घटनेतील कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असे मत डॉ. आंबेडकरांनी १९४९ मध्ये घटना समितीत मांडले होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने अशा संस्थांना वैधानिक चौकट दिली. आज एस.टी. महामंडळाच्या हिशेबांचे परीक्षण नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जातो आणि सार्वजनिक उपक्रम समिती त्यातील परिच्छेदांवर संबंधित सचिवांची साक्ष घेते. समितीच्या प्रश्नावलीची वाट न पाहता विभागांनी तीन महिन्यांत आपले स्पष्टीकरण द्यावे, अशा राज्याच्या वित्त विभागाच्या सूचना आहेत. तरीही स्पष्टीकरणे प्रलंबित असल्याची नोंद पुढच्या अहवालांत पुन्हा पुन्हा करावी लागते.

येथे साहित्याच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. कारण पाठपुरावा म्हणजे अखेर उत्तराचे वाचन. ‘गाड्या बदलल्या’, ‘गाड्या बदलण्यात येत आहेत’, ‘गाड्या बदलण्यात येतील’ : क्रियापद एकच, पण काळ बदलला की हिशेब बदलतो. शासकीय मराठीचा लाडका ‘करण्यात येईल’ हा प्रयोग तर कर्त्यालाच वाक्याबाहेर काढतो. कोण करील, केव्हा करील, हे विचारायला वाक्यात जागाच राहत नाही. संसदीय समित्यांना ही अडचण परिचित असावी. लोकसभेच्या समित्या शासनाच्या उत्तरांची प्रतवारी करतात : मान्य झालेल्या शिफारशी, उत्तर पाहून पाठपुरावा सोडलेल्या, उत्तर अमान्य करून पुन्हा केलेल्या, आणि केवळ अंतरिम उत्तर मिळालेल्या. ही शेवटची वर्गवारी म्हणजे भविष्यकाळी क्रियापदांचे कोठारच!

जून २०२५ मध्ये राज्य शासनाने एस.टी.च्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका काढली. संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांवर गेल्याचे तीत नमूद आहे. हा कबुलीजबाब स्वागतार्ह आहे. परंतु श्वेतपत्रिकेत शासन स्वतःविषयी स्वतःच बोलते. प्रश्न कोणते आणि किती, हेही तेच ठरवते. लेखापरीक्षणात प्रश्न बाहेरून येतो, आणि समितीत तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला जातो. दरखदारांच्या व्यवस्थेतून अखेरीस नाहीसा झाला तो हा दुसरा प्रश्न.

सोनगीरच्या फाट्यावर कॉलेजला जाण्यासाठी उभ्या असलेल्या मुलीने असा अहवाल कधी पाहिलेला नसतो. पण गाडी वेळेवर आली की नाही, याचे तिचे उत्तर नेहमी भूतकाळात असते : आली, किंवा आली नाही. महामंडळाचे आणि शासनाचे उत्तरही त्याच काळात मागावे, इतकीच अपेक्षा.