आलेल्या माणसाचं घरभाडं : तेलंगणातून सोलापुरात

 

आजचा विषय तसा घरगुती आहे. घरभाडं. इतिहासाच्या पुस्तकात लढाया असतात, तह असतात, फार तर दुष्काळ असतो. पण दुष्काळात गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबानं पहिल्या रात्री पथारी कुठं टाकली, आणि त्या जागेचं मोल कशात चुकवलं, हे सहसा लिहिलेलं सापडत नाही. आज जगभर विस्थापितांची चर्चा चालते, सोमालिया म्हणा, सीरिया म्हणा. त्या चर्चेत यजमान शहरातलं महागडं घर हा प्रश्न हमखास येतो. आपलं सोलापूर या प्रश्नातून दीडशे वर्षांपूर्वीपासून जातंय. म्हणून म्हटलं, घरातूनच सुरुवात करू.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. आलेल्या माणसाचं भाडं फक्त पैशात मोजलं तर हिशेब चुकतो. तो कधी श्रमात भाडं देतो, कधी स्वातंत्र्यात देतो, कधी अंतरात देतो. रुपयातलं भाडं कमी दिसलं, की बाकीचं कुठून वसूल होतंय हे शोधायचं.

आता जरा मागे जाऊ. सोलापुरात रेल्वे आली १८६० मध्ये. पहिली मोठी कापड गिरणी, जिला आपण ‘जुनी मिल’ म्हणतो, ती १८७७ ची. ही तारीख लक्षात ठेवा. कारण १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या महाभयंकर दुष्काळाचा काळ. एकीकडे गावं रिकामी होतायत आणि दुसरीकडे शहरात भोंगा वाजायला लागलाय. सोलापूर तेव्हा मुंबई इलाख्यात, पण निजामाची हद्द अगदी शेजारी. तेलंगणातल्या पद्मशाली विणकरांची कुटुंबं त्या हद्दीपलीकडून येत राहिली. एकदम नाही, पिढ्यान् पिढ्या. दुष्काळ हे एक कारण. गिरणीच्या सुतानं आणि कापडानं गावच्या मागाचं कंबरडं मोडलं, हे दुसरं. निजामी राज्यातली जमीनदारी आणि वेठ, हे तिसरं. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ हा आपला ‘पूर्व भाग’ अशा लोकांनी वसवला. तिथं आजही घरात तेलुगू आणि दारात मराठी चालते.

ही माणसं राहिली कुठं? काही गिरणीत लागली, त्यांना चाळीत खोली मिळाली तर मिळाली. पण हातमागावर बसणारा विणकर बहुतेक वेळा कारखानदाराच्या कारखान्यातच राहायचा. कारखाना म्हणजे फार मोठं काही समजू नका. एक लांबट इमारत, ओळीनं माग, आणि त्याच आवारात, कधी मागाच्या बाजूलाच, आसामीचा संसार. दुसऱ्याच्या मागावर विणणाऱ्या विणकराला ‘आसामी’ म्हणायचे. चूल तिथंच, पाळणा तिथंच, माग तिथंच.

आता वरवर बघितलं तर हे छानच की! परक्या गावात आल्या दिवशी छप्पर मिळालं. पण वसुली कशी होती बघा. पुरुष मागावर बसणार. बायको आणि पोरं कांड्या भरणार, सूत उकलणार, आणि या कामाचा वेगळा पगार नाही, ते विणकराच्या मजुरीतच धरलेलं. शिवाय सुरुवातीला कारखानदारानं उचल दिलेली असायची, लग्नाला, बाळंतपणाला. उचल फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाता येत नाही. आणि भांडून काम सोडलं तर त्याच संध्याकाळी घरही सुटतं. नोकरी आणि छप्पर एकाच माणसाच्या हातात असलं की संप करायला केवढं धाडस लागत असेल, याची कल्पना करा. पुण्याच्या गोखले संस्थेनं धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली सोलापूर शहराचा जो सामाजिक-आर्थिक अभ्यास केला आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध केला, तो ज्यांना आकड्यांची आवड आहे त्यांनी जरूर वाचावा.

याच शहरात फुकट घराचं आणखी एक रूप होतं, जास्त कडक. सेटलमेंट. गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांना सरकारनं तारेच्या कुंपणात वसवलं. सोलापूरची सेटलमेंट ही मुंबई इलाख्यातली मोठी वसाहत. कैकाडी, पारधी, भामटे, मांग-गारुडी अशी कुटुंबं. दिवसा गिरणीत काम, आणि ठरल्या वेळी हजेरी. परवान्याशिवाय बाहेर जाणं नाही. इथं घराचं भाडं स्वातंत्र्यात घेतलं जात होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर तो कायदा रद्द झाला आणि ही माणसं ‘विमुक्त’ झाली. पण सोमाली निर्वासितांचं केनियातलं दादाब बघा, १९९१ मध्ये उभं राहिलेलं. जागा मिळते, धान्य मिळतं, पण परवानगीशिवाय छावणी सोडायची नाही. ज्यांना हे पटत नाही ते नैरोबीच्या ईस्टली भागात भाडं भरून राहतात. म्हणजे माणूस महागडी खोली का पत्करतो, तर तिच्याबरोबर बाजारात फिरण्याची मोकळीक येते म्हणून.

तुम्ही म्हणाल, स्वातंत्र्यानंतर भाड्याचा कायदा आला ना? आला. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. भाडं गोठवलं, भाडेकरूला सहजी काढता येईना, पागडी घेणं गुन्हा ठरलं. ज्याच्या हातात भाडेपावती होती त्याला या कायद्यानं तारलं, यात शंका नाही. पण कारखान्यात राहणाऱ्या आसामीकडे पावती कुठली? तो भाडेकरूच नव्हता, तो कामगार होता, आणि कामासोबत जागा होती. कायद्याला पकडायला टोकच नाही. आणि जो त्यानंतर शहरात आला, त्याला जुन्या भाड्याची खोली मिळणार कशी? आधीचा माणूस सोडेल कशाला? मग टेबलाखालून पागडी, नाहीतर नाल्याकाठी झोपडी. गंमत बघा, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं शेवटी ती पागडी कायदेशीरच करून टाकली. पुढं झोपडीवाल्यालाही संरक्षण मिळालं, पण तारखेच्या अटीवर. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. त्या तारखेपूर्वी इथं होतो याचा पुरावा दाखवा. उशिरा आलेल्याला कागदाचीही किंमत मोजावी लागते.

आता यंत्रमागाचा काळ. हातमाग मागे पडले, तसं बायकांचं कांड्या भरण्याचं कामही गेलं. पूर्व भागातल्या हजारो बायका विडीकडे वळल्या. इथं एक मोठी उलथापालथ झाली, ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी कायदा झाला. कारखान्यात बाई बसवायची तर हवा, उजेड, पाणी, संडास, पाळणाघर असं सगळं द्यायला लागणार. मग पान आणि तंबाखू बाईच्या घरी पाठवणं मालकाला सोयीचं. बाई घरी विड्या वळणार, कारखान्यात नेऊन देणार, हजारावर मजुरी घेणार.

म्हणजे काय झालं? तिच्या सासूच्या काळात मालक घर देत होता आणि त्या बदल्यात श्रम घेत होता. आता बाई मालकाला घर देतेय! पान भिजवायची जागा तिची, लाईट बिल तिचं, तंबाखूची धूळ तिच्या पोरांच्या नाकात. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीचं भाडं ती भरते, आणि त्या खोलीतला अर्धा कोपरा खरं तर विडी कारखाना असतो. त्या कोपऱ्याचं भाडं तिच्या मजुरीत कुणी धरलं होतं का? नाही.

अशा बाईनं एकटीनं पै-पै साठवून घर घ्यायचं ठरवलं तर? पगारपत्रक नाही, तारण नाही, बँक दारात उभी करत नाही. इथं पुन्हा सोमाली माणसांकडे बघू, कारण त्यांची गोष्ट आपल्याशी फार जुळते. अमेरिकेत मेन राज्यात लुइस्टन नावाचं गाव आहे, लोकसंख्या छत्तीसेक हजार. तेही आपल्यासारखं गिरणगाव. गिरण्या बंद पडल्या, माणसं निघून गेली, खोल्या रिकाम्या. २००१ पासून तिथं सोमाली कुटुंबं यायला लागली, मोठ्या शहरांतली भाडी आणि धास्ती सोडून. दीड-दोन वर्षांत हजारावर माणसं आली. ऑक्टोबर २००२ मध्ये तिथल्या महापौरानं सोमाली वडीलधाऱ्यांना जाहीर पत्र लिहिलं, की आता जरा थांबा, गावावर ताण येतोय. त्यावरून केवढा गदारोळ झाला! स्वस्त घराची किंमत अशीही असते, यजमानाचे टोमणे ऐकायची. आणि घर विकत घ्यायचं तर दुसरी अडचण. त्यांच्यातल्या अनेकांना धर्मानुसार व्याजाचं कर्ज चालत नाही. मग आधार कशाचा? ‘हगबद’ किंवा ‘अयूतो’चा. दहा बायका दरमहा ठरावीक रक्कम टाकतात आणि पाळीपाळीनं एकीला सगळी मिळते. हसू नका, ही आपली भिशीच आहे!

पण भिशीतून डिपॉझिट निघतं, घर निघत नाही. त्यासाठी भिशीहून मोठी एकजूट लागते. सोलापुरात ती विडी कामगार बायकांनी केली. नरसय्या आडम, म्हणजे आपले आडम मास्तर, यांच्या नेतृत्वाखाली लाल बावट्याच्या संघटनेनं अनेक वर्षं मोर्चे काढले, आणि कॉम्रेड गोदावरी परुळेकरांच्या नावानं सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. कुंभारीला दहा हजार घरं. १ सप्टेंबर २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली.

हिशेब सोपा होता. घराची किंमत साठ हजार. वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे, वीस हजार बाईचे. दहा हजार बायकांचे मिळून वीस कोटी होतात! एकेकटीला जी बँक ओळखत नव्हती, तिला ही रक्कम दुर्लक्षून चालणार नव्हतं. आणि केंद्राचा वाटा ही काही खैरात नव्हती. विडीवर उपकर होता, त्यातून १९७६ च्या कायद्यानं विडी कामगार कल्याण निधी तयार झाला होता. बाईनं वळलेल्या विडीतूनच तो पैसा आला होता.

१८७७ ते २००६. एकशे एकोणतीस वर्षं लागली. भोंगा ऐकून आलेल्यांच्या नाती-पणत्यांना असं घर मिळालं, की ज्यातून मालक काम तोडून बाहेर काढू शकत नाही. माझ्या मते त्या चार भिंतींपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

सगळं गोड झालं असं मात्र मी म्हणणार नाही. कुंभारी शहराबाहेर, अक्कलकोट रस्त्याला. भाडं वाचलं, पण शहरात कामाला, बाजाराला, दवाखान्याला जायचं तर रिक्षाचे पैसे आले. हे अंतरातलं भाडं. दुसरं म्हणजे, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विडीवरचा तो उपकर बंद झाला. ज्या विहिरीतून पाणी काढलं तिचा झराच आटला. त्यानंतरचं रे नगर वेगळ्या वाटेनं झालं. पंतप्रधान आवास योजनेतून तीस हजार घरं, त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांचं वाटप १९ जानेवारी २०२४ ला. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेलं कामगाराचं. म्हणजे हप्ता आला. हप्ता हेही भाडंच, फक्त त्याला शेवट असतो. तो शेवट गाठेपर्यंत रोजची मजुरी टिकते का, हे पुढची दहा-पंधरा वर्षं सांगतील.

जाता जाता एकच. आज सोलापूरची मुलं पुण्यात जाऊन खोली शोधतायत. डिपॉझिट किती, गाव कुठलं, जात कुठली, कंपनी कुठली, सगळे प्रश्न त्यांना विचारले जातायत. ते ऐकून आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच पाहिजे. पण आपल्या गल्लीत कुणी परक्या मुलखातला यंत्रमाग कामगार बायकापोरांसह खोली विचारायला आला, तर आपण त्याला काय विचारतो, हेही एकदा आठवून बघा. आणि त्यानं भाडं किती सांगितलं एवढंच ऐकू नका, ते तो कशाकशात भरणार आहे तेही विचारा.

इथंच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.