बोरघाट कोणी फोडला?
खालापूरच्या नाक्यावर टोल भरून आपण घाट चढतो. हा द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला. पण बोरघाट त्याआधीही फोडला गेला, 1830 ला गाडीरस्त्यासाठी आणि 1863 ला रेल्वेसाठी. कर्जतहून चढणाऱ्या लोहमार्गावर 1861 साली 40 हजारांवर मजूर राबत होते. 25 बोगदे खोदताना हजारो जण पटकीने, सुरुंगाने मेले. इतिहासाने गव्हर्नर माल्कम आणि ठेकेदार ट्रेडवेल यांची नावे जपली, मजुरांची नाहीत. 1946 साली मजूरमंत्री बाबासाहेबांनी कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आणणारे विधेयक मांडले. त्यांनी मजुराला हक्काचा माणूस मानले. म्हणून आमची मागणी साधी आहे: घाटात राबून मेलेल्या मजुरांचे स्मारक खालापुरात उभारा.