शहराचा नकाशा आणि कामगाराची खोली

नगररचना हा इंजिनियरांचा विषय. त्यात कामगार संघटनेच्या माणसाचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु नकाशावर ओढलेली रेघ कोणाच्या तरी घरावरून जाते. त्या घरातल्यांना नकाशा वाचता आलाच पाहिजे, म्हणून आम्ही तो वाचायला शिकलो. मुंबईपुरते त्याचे सार येथे मांडतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उघड झाला. कामकरी गावाकडे पळाले, गिरण्यांना माणूस मिळेना आणि सरकारला गरिबांच्या वस्तीची आठवण झाली. १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढावेत, म्हणजे समुद्राची हवा आत खेळेल व रोग हटेल, हे त्या काळचे शास्त्र. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड ही त्याचीच अपत्ये. रस्ते झाले, पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांतील बहुतेकांना परवडेल अशी जागा मिळाली नाही. ती माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथली दाटी वाढली. प्लेग तर उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पुढे सिद्ध झाले!

१९१४ साली हिंदुस्थानात आलेले पॅट्रिक गेडिस यांनी या पाडापाडीला विरोध केला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ; पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. आधी गल्लीन्‌गल्ली पाहा, अगदी मोडकळीला आलेली घरेच काढा, विहीर, झाड व अंगण राखा, असे त्यांचे सांगणे. निष्णात वैद्य सडलेला भाग तेवढाच कापतो, रोग्याला कापीत नाही.

१९२० साली सरकारने डेव्हलपमेंट खाते काढले. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. झाल्या सुमारे सोळा हजार. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. दर मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. वरळीच्या चाळी आरंभी बऱ्याच काळ ओस होत्या. सिमेंट मजबूत होते, पण गिरणी दूर होती.

तिसरा अध्याय आमच्या डोळ्यांदेखतचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. गिरणी पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरायची नाही! २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. नियमातले एक वाक्य बदलले आणि शहराच्या पदरात पडायची जमीन आकसली. पुढे घरांच्या सोडती निघाल्या, त्यांतली काही घरे पनवेलजवळच्या कोन गावी. ज्याने परळात आयुष्य काढले त्याच्या म्हातारपणाची ही सोय!

आज ‘शाश्वत विकास’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. झाडे हवीत, मोकळी हवा हवी, यात वाद नाही. पण जे शहर आपल्या कष्टकऱ्याला रोज दोन-दोन तास लोकलमध्ये लोंबकळत ठेवते, ते शाश्वत कसे? म्हणून आमचे एवढेच सांगणे: नवा आराखडा जाहीर झाला की सूचना-हरकतींची मुदत पाहा, आणि मुदतीत तीन प्रश्न लेखी विचारा. येथून कोण उठणार? तो कोठे जाणार? तेथून त्याचे काम किती लांब? ज्या आराखड्यात यांची उत्तरे नाहीत तो अपुरा समजावा, मग त्यावर हिरवा रंग कितीही दिलेला असो.