बिबट्या उना

माझ्या शाळेतलं पहिलं हस्तलिखित मी 1992 साली काढलं. साक्री तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा, चौथीपर्यंतचे वर्ग. ड्रॉइंग शीट कापून पानं करायची, पेन्सिलीनं ओळी आखायच्या, कडेला स्केचपेनची वेलबुट्टी काढायची आणि पाठीला खळीनं कापडाची पट्टी चिकटवायची. चौथीत जिचं अक्षर सगळ्यात वळणदार, ती लिहिणार. पहिली-दुसरीच्या वाट्याला मुखपृष्ठावर कागदी फुलं चिकटवण्याचं काम. प्रत एकच निघे. ती लोखंडी कपाटात जायची आणि वार्षिक तपासणीच्या दिवशी बाहेर यायची. मुलांचे हात मळके म्हणून त्यांना ती हाताळायला मिळत नसे.

त्या वर्षी पहिलीतल्या एका मुलीनं गोष्ट सांगितली होती. रात्री गोठ्यात बिबट्या आला, बकरी ओरडली, बापानं कंदील धरला. घरी अहिराणी, म्हणून ती म्हणाली, ‘बिबट्या उना.’ मी ‘उना’चं ‘आला’ केलं, चौथीतल्या मुलीकडून सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आणि तिला दाखवलं. तिनं पान पाहिलं आणि मान फिरवली. ती गोष्ट तिची राहिली नव्हती, हे कळायला मला फार वर्षं लागली.

हस्तलिखिताची आमच्या खानदेशातली परंपरा मोठी. साने गुरुजी 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतः हातानं लिहून काढत. 1928 साली त्यांचं ‘विद्यार्थी’ मासिक निघालं. एकटा शिक्षक मुलांसाठी रोज लिहितो, या गोष्टीनं मी आजही भारावते. पण त्यात लिहिणारा हात गुरुजींचा होता.

त्याच 1924 साली फ्रान्सच्या दक्षिणेला, बार-सूर-लू नावाच्या डोंगरी खेड्यात, सेलेस्तँ फ्रेने या प्राथमिक शिक्षकानं वर्गात एक छोटं छपाई यंत्र आणलं. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली होती आणि फार वेळ मोठ्यानं बोलणं त्याला झेपत नसे. मग मुलं बोलू लागली. फिरायला गेल्यावर काय पाहिलं, घरी काय घडलं, हे ती सांगत. त्यातला मजकूर वर्ग निवडे आणि मुलं स्वतः खिळे जुळवून तो छापत. ही पानं पुढे टपालानं दूर ब्रिटनीतल्या त्रेगंकच्या शाळेत जाऊ लागली आणि तिकडची इकडे येऊ लागली. डोंगरातल्या मुलांना समुद्रकाठच्या मुलांची पानं वाचायला मिळाली. फ्रेनेचं हे काम वाचलं तेव्हा माझ्या कपाटातली ती एकुलती प्रत मला सलू लागली. लिहून झालेलं वाचणार कोण, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता.

22 जून 2015च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषदेच्या शाळा झपाट्यानं ‘डिजिटल’ होऊ लागल्या. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेचं नाव डिजिटल शाळा म्हणून तोवर सगळीकडे झालं होतं. लोकवर्गणी जमली, प्रोजेक्टर आले. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला. पान मोबाइलसमोर धरलं की कविता ऐकू यायची. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आमच्या केंद्रात पेढे वाटले गेले. तरी माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक शाळांत तो पडदा मुलांना दाखवण्यासाठीच राहिला. मुलं हाताची घडी घालून चित्रफीत पाहत. हस्तलिखिताच्या काळात निदान फुलं तरी चिकटवत होती!

मुलांच्या हातात खरं काही आलं ते दोन वाटांनी. 8 सप्टेंबर 2015 रोजी, साक्षरता दिनी, प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेनं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केलं. त्यातल्या चित्रसंग्रहातून चित्र निवडायचं, खाली आपल्या भाषेत मजकूर लिहायचा, आणि पुस्तक सगळ्यांसाठी खुलं. दुसरी वाट ऑगस्ट 2017ची. गुगलनं मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली. ज्या मुलाला अजून ‘क’ गिरवता येत नाही, त्याचं वाक्य त्याच्या डोळ्यांदेखत अक्षरांत उमटू लागलं. हस्तलिखिताच्या साऱ्या इतिहासात पहिलीच्या मुलाला ही जागा मिळाली नव्हती.

सिंधुदुर्गातल्या एका छोट्या शाळेशी आम्ही जोडी जमवली. एकच गुगल डॉक, दोन शाळा. सोमवारी आमच्या मुलांनी गोष्ट पुढे न्यायची, गुरुवारी त्यांनी. आमच्या गावात नेटवर्क मारुतीच्या पाराजवळच लागायचं, म्हणून पहिली-दुसरीचा वर्ग त्या दिवशी पारावर भरे. पाळीपाळीनं फोन तोंडाजवळ धरायचा आणि एक वाक्य बोलायचं. चुकलं की पुसायचं कसं, हे मुलांनी माझ्याआधी शिकून घेतलं.

गोष्ट बिबट्याचीच निघाली. या भागात दुसरी कुठली निघणार! एक पोरगा म्हणाला, ‘बिबट्या उना.’ फोननं लिहिलं, ‘बिबट्या उन्हात.’ मुलं खदखदून हसली. तो पुन्हा बोलला, फोननं पुन्हा ‘उन्हात’ केलं. मोबाइलला अहिराणी येत नव्हती. माझा अंगठा ‘आला’कडे वळलाच होता, तेवढ्यात दुसरीतली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, तो आला नाही म्हणाला. उना म्हणाला.’

मी अंगठा मागे घेतला. ‘उना’ एकेक अक्षर दाबून त्या मुलानं स्वतः लिहिलं. वेळ लागला. बाकीची सगळी त्याच्या खांद्यावरून डोकावत होती.

गुरुवारी उत्तर आलं. सिंधुदुर्गातल्या मुलांनी बिबट्याला खाडीत होडीवर बसवलं होतं आणि खाली व्हॉइस मेसेज पाठवला होता. बारीक, धिटाईचा आवाज: उना म्हणजे काय? आमच्याकडे ‘वाघ इलो’ म्हणतात.

मग दोन आठवडे गोष्ट तिथंच अडली. इलो की उना यावर पारावर वाद रंगले. ‘इलो’ची चाल आमच्या मुलांच्या तोंडात बसली, ती खेळताना एकमेकांना ‘इलो, इलो’ ओरडू लागली. शेवटी मुलांनीच ठरवलं: बिबट्या गोठ्याकडे येतो तेव्हा उना, आणि होडीतून किनाऱ्याला लागतो तेव्हा इलो.

गोष्टीची छापील प्रत मी दोन्ही शाळांसाठी काढली, प्रत्येक मुलाला एक. आमच्याकडच्या प्रतींना पहिल्याच दिवशी भाकरीचे, मातीचे आणि तेलाचे डाग पडले.